धक्का सर्वांचा, भरती कोणाची?

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेस अरबी समुद्राला मिळते. अशा नदीमुखाशी नदीने आणलेला गाळ आणि लाटांनी लोटलेली वाळू साचत राहते. ओहोटीला तेथून होडी काढणे जोखमीचे; पुरेसे पाणी हवे तर भरतीच गाठावी लागते. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणूनच खाडीमुखावरील लहानशा सार्वजनिक धक्क्यावर जागेपेक्षाही वेळेची टंचाई अधिक असते.

समजा, धक्क्याला एका वेळी एकच होडी लागू शकते. पहिल्या होडीवाल्याने आपली गुंतलेली जाळी तेथेच सोडवावयास घेतली, किंवा सहलीस निघालेल्या मंडळींनी तेथेच फराळ उरकला, तर त्यांनी कोणाचे काय घेतले? धक्का सार्वजनिक, आणि ते आधी आलेले. तरीही मागे थांबलेल्या होडीखालचे पाणी उतरतच असते.

‘आधी येईल त्याची पाळी आधी’ हा नियम न्याय्य आहे, हे आम्हीही मानतो. तो नसता तर दांडगाच पुढे घुसला असता. परंतु पाळी केवळ क्रम ठरविते. किती वेळ थांबावे, हे ती ठरवीत नाही. ते ठरविण्याचे काम सदसद्विवेकबुद्धीचे आहे.

सातव्या आज्ञेचा विचार करताना आपल्याला पैसा, दागिना, फार तर शेताचा बांध आठवतो. चोरीच्या पापाला पश्चात्तापाबरोबर परतफेडही हवी, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पैसा परत देता येतो, बांध मागे सारता येतो. हुकलेली भरती मात्र कोणालाच परत करता येत नाही. जे परत करता येत नाही, ते घेण्यापूर्वी दुप्पट विचार करावयास नको काय?

संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी खाजगी मालकी मान्य केली; मात्र वस्तूंचा उपयोग करताना त्या सर्वांच्या आहेत असे मानून गरजवंताला वाटा द्यावा, असे सांगितले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही सृष्टीतील संपत्ती सर्व मानवांसाठी आहे, याची आठवण करून दिली. स्वतःच्या मालकीच्या वस्तूबाबत जर हे बंधन, तर जो धक्का कोणा एकाचा नाहीच, त्याबाबत ते किती अधिक!

हे बंधन पाळणे अवघड नाही. जाळी, बर्फ, सामान यांची तयारी आधीच करून ठेवावी. होडी भरताच बाजूला घ्यावी. मागच्याचा दोर हाती धरावा. दवाखान्याच्या रांगेत आणि सार्वजनिक नळावरही हाच धर्म लागू पडतो.

लूकच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात शिमोनची जाळी माशांच्या भाराने फाटू लागली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या होडीतील सोबत्यांना खुणावून बोलावले, आणि दोन्ही होड्या भरल्या. आपल्या मागे थांबलेली होडीही अशीच सोबत्याची आहे, एवढे ध्यानी ठेवले तरी धक्का लवकर मोकळा होईल.