चालतंय ना, मग राहू द्या!

आमच्या हदगावाकडे एक वाक्य फार लाडके आहे. विहिरीवरच्या मोटारीची वायर चार ठिकाणी चिकटपट्टीने गुंडाळलेली असते. पडवीवरचा पत्रा खिळ्यांऐवजी दोन धोंड्यांच्या भरवशावर असतो. दाराची कडी वर उचलून, जरा डावीकडे दाबल्याशिवाय लागत नाही. नवख्या माणसाने याविषयी काही विचारले की उत्तर ठरलेले : "चालतंय ना? मग राहू द्या!"

हे वाक्य केवळ आळसाचे आहे असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. आता वाटते, त्यात एक हिशेबही आहे. कडी कशी लावायची हे मला ठाऊक आहे, तेव्हा माझे अडत नाही. अडणार ते दुसऱ्याचे, आणि तो दुसरा अजून आलेला नाही. न आलेल्या माणसाचे आपण काही देणे लागतो काय, हा या साध्या वाक्याच्या पोटात दडलेला प्रश्न आहे.

तो माझ्यापुढे आला एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो पुण्याला संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला आहे. मागल्या दिवाळीत फराळाला आला, तेव्हा मी सहज विचारले, "काय रे, नवीन काय बनवतोस?"

तो हसून म्हणाला, "नवीन काही नाही, सर. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं निस्तरतो."

मग चकली मोडता मोडता त्याने सांगितले, ते मला एखाद्या कादंबरीहून कमी वाटले नाही. बिले तयार करणारा कोणे एके काळचा प्रोग्रॅम. ज्यांनी लिहिला ते केव्हाच दुसरीकडे गेलेले. कराचा दर एका जागी न लिहिता चाळीसएक ठिकाणी लिहिलेला. दर बदलला की चाळीस ठिकाणी दुरुस्ती करायची आणि एक राहिले की बिल चुकायचे. एका ओळीत नुसता '१७' हा आकडा. तो कशाचा, हे कोणालाच ठाऊक नाही, आणि तो काढायची कोणाची छातीही नाही. या पोराने चार महिने खपून ते सारे नीट केले. अखेरीस पडद्यावर बिल दिसले, ते पूर्वी दिसत होते तसेच.

"साहेबानं विचारलं, चालत होतंच की, मग चार महिने केलंस काय?" तो म्हणाला. "सर, मला उत्तर देता येईना."

मी संगणकशास्त्र शिकलेला मनुष्य नव्हे. पण त्याच्याकडून आणि नंतर वाचनातून जे कळले ते असे. प्रोग्रॅम यंत्र चालवते खरे, परंतु तो वाचायचा असतो माणसाने. यंत्राला नाव 'क' असले काय आणि 'थकबाकी' असले काय, सारखेच. माणसाला मात्र पहिल्याने काहीच कळत नाही आणि दुसऱ्याने पुष्कळ कळते. म्हणून जाणकार प्रोग्रॅम वाचताना काही खुणा शोधतात : एकच गोष्ट दहा ठिकाणी उतरवलेली आहे काय, एकाच प्रकरणात पाचपन्नास कामे कोंबली आहेत काय, कारण न सांगता एखादा आकडा बसवला आहे काय, एक जागा हलवली की भलतीच जागा ढासळते काय. अशा खुणांना इंग्रजीत 'वास' असाच शब्द आहे. केंट बेक याने तो रूढ केला आणि मार्टिन फाउलरच्या १९९९ सालच्या पुस्तकाने तो जगभर नेला. आमच्या आजीलाही कणगीचे झाकण उघडताच आतल्या किडीचा वास येई. दाणा हाती घेण्याची गरज पडत नसे.

दुरुस्तीची रीतही शिकण्याजोगी आहे. आधी, आज हा प्रोग्रॅम काय उत्तरे देतो याची एक चाचणी लिहून ठेवायची. मग एकच लहानसा बदल करायचा आणि चाचणी पुन्हा लावायची. उत्तरे तीच आली तर पुढचे पाऊल. न आली तर मागे फिरायचे. नावे सुधारायची, लांबलचक प्रकरणाचे तुकडे करायचे, चाळीस ठिकाणचा दर एका जागी आणायचा, आणि जेथे कारण लपलेले असेल तेथे ते लिहून ठेवायचे.

'राहू द्या' या वाक्याची किंमत साऱ्या जगाने एकदा मोजलेली आहे. जुन्या संगणकांत जागा महाग होती, म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. १९६५ चे नुसते ६५. तेव्हा ते शहाणपणाचेच होते. पण २००० साल जवळ आले, आणि '००' म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळेना. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत हजारो माणसे, त्यांत आपली कितीतरी मराठी मुले-मुली, परक्या माणसांनी तीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळी वाचीत बसली होती. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र बहुतांशी सुखरूप गेली, आणि लोक म्हणाले, "उगाच बाऊ केला!" न घडलेल्या अपघाताचा हार कोणाच्याच गळ्यात पडत नाही.

माझ्या विद्यार्थ्यापुढे मी मान हलवीत होतो खरा. पण मनात काही सलत होते. ते आज सांगून टाकतो.

शाळेत नववीचा निकाल तयार करण्यासाठी मी संगणकावर एक तक्ता केला होता. त्या वेळी गणिताचे शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर असत, म्हणून बेरजेचा निम्मा घ्यावा असे मी त्यात घातले. पुढे शंभराचा एकच पेपर झाला. तो 'निम्मा' काढून टाकायला दहा मिनिटे पुरली असती. मी काय केले? गणिताचे गुण दुप्पट करून भरू लागलो! उत्तर बरोबर येई. चालतंय ना, मग राहू द्या.

एका वर्षी आईच्या आजारपणासाठी मला रजा घ्यावी लागली. तक्ता एका तरुण शिक्षिकेच्या हाती गेला. तिने भल्या माणसाप्रमाणे जसे होते तसेच गुण भरले. निकाल लागला. शनिवारी फळ्यावर चिकटवला. सोमवारी पहिल्या नंबरच्या मुलाला गणितात शेचाळीस कसे, अशी शंका कोणाला तरी आली आणि सारे उलगडले.

मधला एक रविवार गेला होता. बासष्ट गुण मिळवलेल्या एका मुलीला एकतीस मिळून ती नापास ठरली होती. तिच्या बापाने त्या रात्री "बस झालं आता शिकणं" असे सांगून टाकले होते. मी स्वतः तिच्या घरी गेलो, दुरुस्त कागद दाखवला. त्या गृहस्थाने तो उलटसुलट पाहिला आणि शांतपणे विचारले, "गुरुजी, तुमचा कागद बी चुकत असतो होय?" पोरगी दाराआड उभी होती. ती पुढे शिकली. पण त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. आणि शाळेत दोन दिवस बोल लागला तो त्या शिक्षिकेला. तिची चूक एवढीच, की मी लिहून ठेवले तेच तिने खरे मानले.

म्हणून दिसेल ते मोडून नवे करावे असे मात्र नव्हे. सुधारण्याच्या उत्साहानेही नुकसान होते. या बाबतीत आपल्याकडे फार मोठा दाखला आहे, तोही मराठवाड्यातलाच. ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये. पुढे तीन शतके लोक ती हाताने उतरवीत राहिले. कोणी शब्द चुकला, कोणी न कळलेला शब्द बदलला. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पाठ शुद्ध करून प्रत सिद्ध केली. स्वतः थोर कवी असूनही त्यांनी तिला आपले काव्य होऊ दिले नाही. उलट तिच्यात कोणी आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीद दिली. आपल्या काळात पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि ती १९६६ साली पुरी झाली. मूळ संहितेतून जे वगळले तेही पंडितांनी फेकून दिले नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले, म्हणजे मागून येणाऱ्याला आपला निर्णय तपासता यावा. दुरुस्ती करणाऱ्याला लागणारी नम्रता ती हीच.

बिघाड पुढे ढकलण्याला वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९२ साली 'कर्ज' म्हटले. आज वेळ वाचतो, पुढे व्याज चढत जाते. उपमा चांगली आहे. पण माझ्या मते तिच्यात एक गोष्ट सुटते. सावकाराचे कर्ज काढणारा आणि फेडणारा बहुधा एकच असतो. येथे कर्ज मी काढले, आणि व्याज भरले एका शिक्षिकेने आणि पंधरा वर्षांच्या मुलीने. आपल्या शास्त्रांनी ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले, तेव्हा ते फेडण्याची वाट मागे नाही, पुढे दाखवली : ज्ञान घेतलेस तर ते दुसऱ्याला दे, जन्म घेतलास तर पुढची पिढी वाढव. मागच्यांचे देणे पुढच्यांना द्यायचे असते. न आलेल्या माणसाचे आपण देणे लागतो काय, या प्रश्नाचे उत्तर मला तरी येथेच मिळते.

त्या सुट्टीत मी तक्ता नव्याने मांडला. प्रत्येक रकान्याला सरळ नाव दिले. मागच्या तीन वर्षांचे गुण भरून निकाल तेच येतात की नाही हे ताडून पाहिले. मग त्याच शिक्षिकेला बोलावले आणि म्हटले, "तुम्ही भरा, मी शेजारी बसतो, बोलणार नाही." ती जेथे जेथे थबकली तेथे तेथे दोष माझा होता. ती पाच वेळा थबकली. पाचही जागा मी दुरुस्त केल्या.

परवा घरात दिवाळीची झाडलोट चालली होती. बायकोने जड फडताळ पुढे ओढायला लावले आणि ती त्याच्या मागची भिंत झाडू लागली. मी म्हणालो, "ही भिंत कोणत्या पाहुण्याला दिसणार आहे?"

"पाहुण्याला नाही दिसत," ती म्हणाली, "पण पुढच्या वर्षी फडताळ ओढणाऱ्याला दिसेल ना!"

मी मुकाट्याने दुसरा झाडू घेतला. आता तो विद्यार्थी दिवाळीला आला, की साहेबाला द्यायचे उत्तर त्याला सांगणार आहे.