वांगी कुणी भाजली?

माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यात मला जे काही पुढारीपण मिळालं ते एवढ्याच भांडवलावर. कचेरीत कसलाही कार्यक्रम निघाला की कागदावर पहिली ओळ मी लिहायचो, आणि पहिली ओळ लिहिणाऱ्याचं नाव त्याच कागदाच्या शेवटी 'निमंत्रक' म्हणून आपोआप येतं. मधल्या ओळींत ज्यांची नावं असतात ते राबतात.

१९८३ च्या थंडीत जळगावच्या आमच्या कचेरीनं भरीत पार्टी ठरवली. खानदेशाबाहेरच्या वाचकांनी कृपा करून घरच्या गॅसवर भाजलेलं एक वांगं डोळ्यांसमोर आणू नये. आमच्याकडे भरीत मळ्यात होतं आणि वांगी पोत्यानं मोजतात. आसोदा-बामणोदकडची ती हिरवी, अंगानं भरलेली वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, बोटं पोळत असतानाच सोलायची आणि लाकडी बडगीत घालून मुसळानं ठेचायची. वर मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी. हे एकट्याचं काम नव्हेच. जाळापाशी एक, सोलायला चार, बडगीवर दोन आणि सूचना करायला उरलेली सगळी कचेरी.

मी कामांची सुरेख यादी केली. आमचे शिपाई आप्पा यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी ती न वाचता सगळी कामं करून टाकली. पहाटे उठून वांगी निवडून आणली, काड्यांचे भारे आणले, बडगी कुणाकडून तरी मागून आणली. दुपारी आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा आप्पांचे डोळे धुरानं लाल झाले होते आणि माझ्या हातात यादी होती.

त्या दिवशी वरच्या कचेरीतले एक मोठे साहेब तपासणीसाठी आले होते. तिसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी विचारलं, "वा! कुणी केलं हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान किंचित खाली घातली (ही कला निमंत्रकाला यावीच लागते) आणि म्हणालो, "साहेब, आम्ही सगळ्यांनी मिळून केलं."

साहेब खूश. म्हणाले, "याला म्हणतात टीमवर्क!" आणि पाठ माझी थोपटली.

वाक्य दिसायला किती नम्र आहे पाहा. त्यात 'मी' नावालाही नाही. पण 'सगळ्यांनी' म्हटलं की ते श्रेय हवेत लोंबकळत राहत नाही. ते घरंगळत घरंगळत समोर जो उभा असेल त्याच्याच खिशात येऊन पडतं. 'मी केलं' म्हणालो असतो तर निदान चारजण हसले असते. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणावंसं वाटतं. पण खरं म्हणजे थोडं थोडं कळलं होतं.

पुढच्या वर्षी तेच साहेब, तोच मळा, तीच यादी (तारीख तेवढी बदललेली). आणि भरीत असं खारट झालं की पहिल्याच घासाला साहेबांनी पाण्याचा तांब्या उचलला. पुन्हा तोच प्रश्न, "कुणी केलं हे?"

मी एका क्षणात उत्तर दिलं, "आप्पांनी."

आप्पा जाळापाशी उभे होते. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत, काड्या सारख्या करत राहिले.

पुढे माझी बदली धुळ्याला झाली, तीही बढतीवर. तिथला एक सहकारी साक्री तालुक्यातला. एका रविवारी तो मला आपल्या गावी घेऊन गेला. गाव पांझरेकाठचं. तिथं मी पहिल्यांदा फड पाहिला. तमाशाचा नव्हे, पाण्याचा. नदीवर कैक पिढ्यांपूर्वी घातलेला बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात यंदा सगळ्यांनी ऊस लावायचा, दुसऱ्यात गहू, एखादा पडीक ठेवायचा. पुढच्या वर्षी फिरवाफिरव. कुणी काय लावायचं हे गाव बसून ठरवतं. पाणी द्यायला पाटकरी. शेताचा मालक कितीही मोठा असो, त्यानं आपल्या हातानं बारं फोडायचं नाही.

मी कचेरीतल्या सवयीनं विचारलं, "आणि पाणी कमी पडलं तर? कुणाचं तोडता?"

सहकाऱ्याचे वडील बांधावर बसले होते. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला असावा. म्हणाले, "पानी कोना बापनं शे, भाऊ?" मग मुलानं समजावून सांगितलं. पाणी कमी असलं की भिजवायचं रानच कमी करायचं. प्रत्येकाचा तुकडा जवळपास प्रत्येक फडात असतो, त्यामुळे सुकलं तर थोडं थोडं सगळ्यांचंच सुकतं.

एसटीनं परत येताना मला आमचं भरीत आठवलं. आमच्या 'सगळ्यांनी मिळून'चा पाट सुकाळात तेवढा वाहत होता. दुष्काळ पडला तेव्हा मी एकट्या आप्पांचं शेत सुकवलं होतं. पुढे धरणं झाली, विहिरी वाढल्या, त्या फडांपैकी बरेच मोडले. आमच्या कचेऱ्यांची पद्धत मात्र टिकून आहे.

धुळ्यात असताना तुरुंगाच्या भिंतीवरून माझा जाण्यायेण्याचा रस्ता होता. याच तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. 'गीता प्रवचने'वर नाव विनोबांचंच आहे, पण लिहून घेणारा हात कुणाचा हे विनोबांनी लपवलं नाही, म्हणून आज ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. श्रेयाची वाटणी करताना दोन नावं घेतली तर जीभ झिजत नाही. माझ्या यादीत आप्पांचं नाव सात ठिकाणी होतं, पण तोंडावर एकदाच आलं, तेही खारट तोंडानं.

सेवानिवृत्त होऊन जळगावला परतलो आणि पहिल्याच थंडीत आप्पांकडे गेलो. ते थकले होते, पण अंगणात जाळ होताच. भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे त्यांना मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "वांग्याले मिळालं ना? बरं झालं." भाजणाऱ्याचं त्यांनी काढलं नाही. मग मीच काढलं. म्हटलं, "आप्पा, त्या खारट भरताच्या वेळी मी तुमचं नाव घेतलं. चुकलंच माझं."

आप्पा वांगं उलटत म्हणाले, "जाऊ द्या ना, भाऊसाहेब. मीठ मी एकदाच टाकलं होतं."

"मग दुसऱ्यांदा कुणी टाकलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मला एकदम ती संध्याकाळ आठवली. निमंत्रकानंही कामाला हात लावलेला दिसावा म्हणून साहेबांची जीप वळणावर येताच मी बडगीजवळ गेलो होतो आणि मूठभर काहीतरी उचलून मोठ्या ऐटीत आत टाकलं होतं.

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"साहेबांपुढं कशाले?" म्हणाले, आणि सोलायला एक वांगं माझ्यापुढं सरकवलं. भयंकर गरम होतं.