तेच शब्द, पुन्हा

आजचे वाचन: मत्तय 6:7-8

प्रार्थनेत बडबड करू नका, असं प्रभू येशू सांगतो. हे वचन आलं की रोझरी म्हणणाऱ्या आपल्याला थोडं अवघडल्यासारखं होतं. पाच रहस्यांची माळ म्हणजे 53 वेळा ‘नमो मरिया’! मी सॉफ्टवेअरवाला, एकच निरोप 53 वेळा पाठवणारा प्रोग्रॅम मी पास करणार नाही.

पण पुढचंच वचन वाचा. आपण मागण्याआधीच पित्याला आपली गरज ठाऊक आहे. म्हणजे प्रार्थना ही देवाला माहिती पुरवणं नाहीच. मग तेच शब्द पुन्हा म्हटले तर वाया काय गेलं? येशूला खटकतो तो ‘पुष्कळ बोललं की देव ऐकेल’ हा हिशोब. गेथशेमानेत तो स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो (मत्तय 26:44).

बाबा गेले त्या आठवड्यात घरात कोणालाच स्वतःचे शब्द सुचत नव्हते. आई सातला माळ घेऊन बसायची, आम्ही मागून म्हणायचो. भक्तिभाव वगैरे काही जाणवत नव्हता, खरं सांगतो. तोंडाला शब्द येत होते, एवढंच. रोजची सवय नसती, तर आम्ही तेव्हा काय म्हटलं असतं?