डंपरचा कर्ता कोण?

डंपरने खडी ओतली, या साध्या क्रियेचा कर्ता कोण, हे ठरवायला आधी ती क्रिया कशी घडते ते पाहावे लागते. चालक क्लच दाबून पीटीओ (शक्ती बाहेर काढून देणारी जोडणी) जोडतो आणि गिअरबॉक्समार्फत इंजिनाची शक्ती तेलाच्या पंपाकडे जाते. पंप टाकीतले तेल दाबाने जॅकमध्ये ढकलतो. जॅकचे एकात एक बसलेले नळे लांबत जातात, तसा मागच्या बिजागरीवर फिरत हौदा पुढून उचलला जातो. सुरुवातीला माल हलत नाही. उतार पुरेसा वाढला, की खडीचे वजन पत्र्याच्या घर्षणाला भारी पडते आणि उघड्या फाळक्यातून माल घसरतो. म्हणजे खडी खाली आणते ते गुरुत्वाकर्षण. यंत्र फक्त उतार देते. रिकामा हौदा खाली येतानाही पंप लागत नाही. झडप उघडली की तो स्वतःच्या वजनाने बसतो.

न्यायदर्शनात कर्ता होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: साहित्याचे प्रत्यक्ष ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न. डंपरकडे यांतले काहीच नाही. लाकूड तोडणाऱ्याच्या कुऱ्हाडीप्रमाणे तोही ‘करण’, म्हणजे साधन, ठरतो. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घातल्याने यात फरक पडत नाही, कारण ती पूजाही अवजाराचीच असते.

चालकाचे प्रकरण इतके सोपे नाही. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता, असे व्याकरणकार पाणिनी मानतो. पण त्या कर्त्याला कामाला लावणाऱ्या प्रयोजकालाही तो कर्ताच म्हणतो. खेपेवर पैसे मिळणारा चालक कितपत स्वतंत्र असतो? हौदा किती भरायचा हे अनेकदा क्रशरवर ठरते, आणि दिवसात किती खेपा हव्यात हे मुकादम सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ने प्रयोजकाला सोडलेले नाही. जादा भार असलेले वाहन चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा असे तिघेही त्यात येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे येतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. डंपरपुरता तो ज्या जमिनीवर गाडी उभी आहे तिथवर ताणला, तर फारसे बिघडत नाही. हौदा वर जातो तसा भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य उंच चढतो. एका बाजूची चाके ओल्या भरावात रुतली किंवा चिकट माती हौद्याच्या एकाच कोपऱ्याला धरून बसली, तर तो मध्य चाकांच्या पायाबाहेर सरकतो आणि गाडी आडवी होते. हौदा वर असताना विजेच्या तारेला लागणे किंवा तो तसाच ठेवून गाडी पुढे नेणे, हेही तितकेच घातक.

अशा अपघातानंतर ‘दैव’ हा शब्द सर्वांत आधी निघतो. गीतेच्या यादीत तो शेवटचा आहे, आणि शंकराचार्यांच्या भाष्यात तर दैव म्हणजे नशीब नव्हेच. डोळे वगैरे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता, असा तो अर्थ आहे. तेव्हा जमीन न दाबता गाडी उभी करायला सांगणाऱ्याला या श्लोकाचा आधार मिळत नाही. कारणे पाच म्हणून दोषाचे पाच सारखे वाटे होत नाहीत. ज्याला धोका माहीत होता आणि जो काम थांबवू शकत होता, त्याच्याकडे मोठा वाटा जातो.

आणि चालकच नसेल तर? 2008 पासून चिलीतील गॅब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत चालक नसलेले डंपर चालतात. रस्ता, वेग आणि थांबणे आज्ञावली ठरवते. चालकाची जागा रिकामी झाली, तरी न्यायदर्शनाच्या कसोटीवर हा डंपरही करणच आहे. कर्तेपण त्याला कामाला लावणाऱ्या खाणीकडे आणि ती आज्ञावली रचणाऱ्यांकडे जाते.