गतकुळीची जमीन

सुटीत पुण्याहून आलेला माझा नातू संगणकावर एक खेळ खेळतो. रिमवर्ल्ड त्याचे नाव. २०१८ मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाजारात आला. यान मोडून तीन माणसे एका अनोळखी ग्रहावर येऊन पडतात आणि तेथे त्यांनी वसाहत उभी करायची, अशी त्याची कल्पना. परंतु पहिली कुदळ मारण्यापूर्वीच खेळ विचारतो, उतरणार कोठे? ग्रहाच्या नकाशावर बोट ठेवाल तेथले पाऊसमान, उष्णमान आणि वर्षाच्या साठ दिवसांपैकी (तेथले वर्ष साठच दिवसांचे) किती दिवस पीक वाढेल, हे लिहून येते. मातीचीही प्रतवारी आहे. साधी माती १०० टक्के, कसदार १४०, खडकाळ ७०. भात लवकर हाती येतो पण थोडा. मका उशिरा येतो पण भरभरून देतो. बटाटा हलक्या रानातही तग धरतो.

“आजोबा, तुम्ही शेतकरी. कुठं उतरू?” असे त्याने विचारले, तेव्हा मी अर्थातच नदीकाठची कसदार जमीन दाखवली. कोठारे भरली आणि दोन दिवसांत नातू कंटाळला. दुसऱ्या खेपेस त्याने मुद्दाम थंड, उजाड मुलूख निवडला. “आता मजा येईल,” म्हणाला. हौसेने निवडलेली हलाखी कधीही सोडून उठता येते. जन्माने वाट्याला आलेला माळ सोडता येत नाही, एवढेच मी मनाशी म्हटले. खरा विचार पुढे सुरू झाला.

आपल्या भागात ही प्रतवारी कोणी शिकवावी लागत नाही. बीदरच्या पठारावर तांबडा जांभा, मांजरेच्या खोऱ्यात आणि कलबुर्गीकडे काळे रान. काळी माती पावसाचे पाणी धरून ठेवते, म्हणून पाऊस सरल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी त्या ओलीवर निघते. तूर खोल मुळे सोडते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. जांभ्याचा स्वभाव उलटा. तो पाणी वर ठेवीत नाही, खाली झिरपू देतो. तरीही अहमदशहा बहमनीने (कारकीर्द १४२२ ते १४३६) गुलबर्ग्याहून राजधानी हलवली ती या जांभ्याच्या पठारावरच. शिकारीत एका लहानशा जनावराने कुत्र्यांवर उलटून हल्ला केला, तेव्हा त्याला या भूमीचे वीर्य कळले, अशी कथा सांगतात. अशाच कथा इतर राजधान्यांनाही चिकटल्या आहेत, तेव्हा ती सोडून देऊ. नौबादजवळचा करेझ मात्र कथा नव्हे. झिरपलेले पाणी खालच्या कठीण थरावर अडते. ते भुयाराने, निव्वळ उताराच्या बळावर वस्तीपर्यंत आणलेले आहे. ७० टक्क्यांच्या जागेचे १४० कसे करावे, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

पण चांगली जागा कोणती, हा प्रश्न तुलनेने सोपा. ती जागा रिकामी आहे हे आपल्याला कोणी सांगितले, हा अवघड.

खेळात याला नियम आहे. दुसऱ्याच्या वस्तीला लागून उतरताच येत नाही. नातवाच्या जागेत मात्र जुन्या पडक्या भिंती होत्या. त्या पाडून त्याने दगड काढले आणि स्वतःची घरे बांधली. “कुणाच्या होत्या रे?” मी विचारले. “कुणाच्याच नाहीत, आजोबा. त्या असतातच तिथे.”

आपल्या पूर्वजांच्या भाषेत ‘असतातच तिथे’ असे नव्हते. १३९६ च्या सुमारास सुरू झालेल्या, बारा वर्षे चालल्याचे सांगितल्या जाणाऱ्या दुर्गादेवीच्या दुष्काळाने दख्खनचा मोठा भाग ओस पडला. पुढे बहमनी अमलात दादो नरसो नावाच्या जाणत्या ब्राह्मणाकडे लावणीचे काम आले. पहिल्या वर्षी सारा नाही, दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे एक तोबरा धान्य, अशी सवलत दिल्याचे जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. नवी वसाहत करणाऱ्याला कौल द्यायचा आणि सारा इस्ताव्याने वर्षावर्षाला वाढवायचा, ही रीत मराठेशाहीतही चालली. परंतु या साऱ्या शब्दांत मला मोलाचा वाटतो तो ‘गतकुळी’. ज्या मिरासदाराचे कूळ नाहीसे झाले त्याची जमीन गतकुळी. ती दुसरा कोणी कसू लागला तरी थळाला जुन्या घराण्याचेच नाव राही. परागंदा झालेला मिरासदार वा त्याचा वंशज पुष्कळ वर्षांनी परतला तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. जमीन मोकळी होती. ती कोणाचीच नव्हती असे मात्र कोणी म्हणत नसे.

आता घरचे सांगतो. भालकी तालुक्यात आमचे जे शेत आहे ते मूळपुरुषाला पडीक मिळाले आणि त्याने ते लावणीस आणले, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगत आलो. सांगणारे सारे मराठीत सांगत आणि शेताचे नाव घेत ‘हळेबावी’. हळे म्हणजे जुनी, बावी म्हणजे विहीर. कानडी जाणणाऱ्या वाचकांना हे सांगायला नको. माझ्या ध्यानात यायला मात्र साठी उलटावी लागली. आम्ही आलो तेव्हा तेथे विहीर होती, तिला नाव होते, आणि नाव ठेवणाऱ्यांच्या लेखीही ती जुनीच होती.

येळवशीला आपण साऱ्यांनी कडब्याच्या कोपीत पांडव मांडले आहेत, भज्जी-आंबील खाल्ली आहे. तो सण आणि त्याचे नाव कानडीतून आपल्याकडे आले. त्या दिवशी शेजारच्या गावातील एक कानडी कुटुंब आमच्या विहिरीवर येऊन नारळ फोडते. का, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. ‘हिरियांपासून’ चालत आले, एवढेच म्हणतात. वडिलांनी कधी अडवले नाही. आंबिलीचे पहिले मडके ते त्यांच्यापुढे करीत. १९५६ मध्ये जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात राहिलो. त्यानंतर आपली माणसे आधी कोण आले याची पुष्कळ भांडणे भांडली. त्या वर्षांतही हा नारळ चुकला नाही.

यंदा चुलतभावाने शेत विकायचे ठरवले आहे. घेणारा कुंपण घालणार. कागदात एक ओळ आहे : सदर जमिनीवर अन्य कोणाचाही हक्क वा वहिवाट नाही. कायद्याने ती खरीच असावी, कारण त्या कुटुंबाकडे चिटोराही नाही. पण आमच्या मूळपुरुषाकडे तरी एका कौलाखेरीज काय होते? भावाचे म्हणणे, वर्षातून एका दिवसासाठी व्यवहार कशाला अडवायचा. तेही अगदीच चूक नाही. त्याच्या मुलीचे लग्न तोंडावर आहे.

नातवाने कागद वाचला. “म्हणजे त्या भिंती कुणाच्या तरी होत्या?” त्याने विचारले. मी होय म्हणालो.

सही केलेली नाही. ती ओळ बदलून येळवशीच्या दिवशीची विहिरीची वाट खुली ठेवावी, आणि त्यामुळे भाव उतरला तर फरक माझ्या वाट्यातून वजा करावा, असे भावाला लिहिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.