पाळणे

पाळणे हे क्रियापद मोठे चमत्कारिक आहे. आपण कुत्रा पाळतो, पोपट पाळतो; आणि वचनही पाळतो, पथ्यही पाळतो. पहिल्या दोहोंत हुकूम आपला चालतो, नंतरच्या दोहोंत आपल्यावर कशाचा तरी हुकूम चालतो. या दोन अगदी उलट गोष्टींना मराठीने एकच शब्द का दिला असावा, याचा विचार करायला मला कोणा पंडिताने नव्हे, एका माशाने लावले. दिवाळीच्या फराळासमोर माशाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या घरात तो विषय निघाला तोच मुळी गेल्या भाऊबीजेला, चकलीचे ताट मध्ये ठेवून. तेव्हा विषयाला सोवळ्याची हरकत नसावी.

मासा माझा नव्हे, पुतण्याचा. ठाण्याला चौथ्या मजल्यावर त्याचे बिऱ्हाड आहे आणि दिवाणखान्याची एक भिंत पाच फूट लांबीच्या काचेच्या पेटीने अडवली आहे. आत साडेपाचशे लिटर खारे पाणी. लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ, तेही स्वयंपाकघरातले चालत नाही; दर पंधरवड्याला थोडे पाणी काढायचे, थोडे नवे घालायचे; वीज गेली की पंप बंद पडून माशाचा श्वास कोंडतो, म्हणून घरातल्या पंख्यांच्या आधी पेटीला बॅटरी जोडलेली. या संसारात सहा वर्षांपूर्वी त्याने एक करंगळीएवढा मासा आणून सोडला. अंग पांढरेशुभ्र, पाठीवर दोन नारिंगी डाग आणि त्यांच्या वर परावर डोळ्यांसारखे दोन काळे टिपके. बाजारात त्याला क्लाउन कोरिस म्हणतात, म्हणजे विदूषक. इंग्रजीत ज्याला रॅस म्हणतात त्या मोठ्या कुळातला हा मासा. त्याला शास्त्रीय नाव दिले ते लासेपेद या फ्रेंच पंडिताने, १८०१ साली.

आता गंमत अशी, की हा विदूषकाचा पोशाख बालपणापुरताच असतो. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत प्रवाळांच्या आसपास हा मासा राहतो, आणि पूर्ण वाढलेला नर चार फुटांपर्यंत जातो. नारिंगी डाग पुसले जातात, अंग काळपट हिरवे होते, कपाळावर टेंगूळ येते. लहानग्याशेजारी त्याला ठेवले तर बापलेक म्हणून कोणी ओळखणार नाही. या कुळातल्या कित्येक माशांची पोरे, माद्या आणि नर हे वेगवेगळ्या जातींचे समजून शास्त्रज्ञांनीही त्यांना निरनिराळी नावे दिली होती. तेव्हा दुकानात उभ्या असलेल्या हौशी माणसाला काय दिसणार? त्याला दिसतो तो पोशाख.

पुतण्याचा मासा आज दीड फुटाचा आहे. पाच फुटांच्या पेटीत त्याला वळता येते. पोहता येते असे मला म्हणवत नाही.

त्या पेटीसमोर मी पुष्कळ वेळा बसलो आहे, आणि कबूल करतो, ते बसणे फार सुखाचे असते. हा मासा नुसता फिरत नाही, उद्योग करतो. मुठीएवढा दगड तोंडाने उलटतो, खाली काही किडामुंगी आहे का पाहतो, मग दुसरा दगड. गोगलगाय, खेकडा, कोळंबी असे कवचाचे जे असेल ते दातांनी फोडतो. सूनबाई ताटलीत कोळंबी घेऊन आली की काचेशी येऊन उभा राहतो. मी गेलो तर ढुंकून बघत नाही. आणि संध्याकाळ झाली, की दिवा मालवण्याच्या आधीच, जणू मंदिरातली घंटा ऐकावी तसा तो तळाशी जातो, अंगाला एक हिसका देतो आणि वाळूत नाहीसा होतो. सकाळपर्यंत पेटी रिकामी. दूरच्या समुद्रातून आणलेले असे मासे पहिले काही दिवस भलत्याच वेळी वाळूत शिरतात आणि भलत्याच वेळी बाहेर येतात, असे पाळणारे सांगतात. आपल्या गावचा सूर्यास्त ते अंगात घेऊन आलेले असतात. हे ऐकल्यापासून मला ती रिकामी पेटी पाहताना जरा चुकल्यासारखे वाटते.

'मासा तो, त्याला काय कळते?' हे वाक्य आमच्याकडे दोनदा म्हटले गेले. पण मासा या शब्दाखाली आपण किती निरनिराळ्या प्राण्यांना एकत्र कोंबतो! या विदूषकाचा एक बोटभर चुलतभाऊ आहे. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी कीटक खाऊन तो त्यांची सफाई करतो. जपानी शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या माशांच्या गळ्यावर एक ठिपका केला. आरशात तो पाहून त्यांनी गळा तळाशी घासला; आरसा नसताना घासला नाही. यावरून माशाला 'मी' कळतो असे म्हणावे की नाही, यावर पंडितांत वाद आहे, आणि तो मिटण्याची मी वाट पाहणार नाही. याच कुळातल्या आणखी एका माशाला पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांजवळ शिंपला तोंडात धरून खडकावर आपटून फोडताना चित्रित केले गेले आहे. आपल्याकडे नारळ फोडायला याहून वेगळी अक्कल लागत नाही.

व्याकरणाने मी त्याला 'तो' म्हणतो आहे, पण पुतण्याच्या मते तो अजून मादी असावा. या कुळात हे सर्रास चालते: आधी मादी, पुढे प्रसंग पडला तर नर. कॅरिबियन समुद्रातल्या निळ्या डोक्याच्या रॅसमध्ये थव्याचा नर नाहीसा झाला, की काही तासांतच सर्वांत मोठी मादी नरासारखी वागू लागते आणि आठ-दहा दिवसांत खरोखरच नर होते. म्हणजे कोण काय व्हायचे हे बरेचसे गोतावळा ठरवतो. पेटीत गोतावळा नाही. जे ठरायला सोबतीची जरुरी आहे ते एकट्याने कसे ठरवायचे? पुतण्या खायला देतो, पाणी देतो, ऊब देतो. हे मात्र त्याला कितीही पैसे मोजून देता येत नाही.

माझ्या वहिनीचा आक्षेप निराळा होता, आणि मला तो सर्वांत जड वाटला. ती म्हणाली, "भावोजी, तुम्ही रविवारी सुरमईचे तुकडे मिटक्या मारीत खाता, आणि याला कोळंबी भरवणाऱ्या माझ्या मुलाला न्याय शिकवता?" सगळे हसले. मीही हसलो, पण उत्तर देणे भाग होते. हिशेबच मांडायचा तर वहिनी बरोबर आहे. सुरमईचे दुःख जाळ्यात आणि डेकवर संपते. शिवाय समुद्रात तरी कोण सुखी आहे? तिथे हजारो पिल्लांतले एखादे मोठे होते, बाकीचे कोणाच्या तरी पोटात जातात. पुतण्याच्या माशाला सहा वर्षे कोणी खाल्ले नाही, हे लहान भाग्य नव्हे. याच कुळातला सर्वांत मोठा, सहा फुटांवर जाणारा आणि तीस-तीस वर्षे जगणारा नेपोलियन रॅस हाँगकाँगच्या उपाहारगृहांतून जिवंत ठेवतात, गिऱ्हाईकाने बोट दाखवावे म्हणून. त्याची संख्या इतकी घटली, की २००४ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले.

तरीही मी वहिनीला म्हणालो, की सुरमईवर माझे प्रेम आहे असे मी कधी कोणाला सांगितलेले नाही. तिच्याशी माझे नाते भुकेचे आहे. ते चांगले की वाईट हा प्रश्न वेगळा, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नाही. पण तुझा मुलगा म्हणतो, 'काका, माझा याच्यावर जीव आहे.' ज्याच्यावर जीव आहे त्याला त्याच्या मापाची जागा मागायचा हक्क येतो. खाटिकाकडे बकरा हा हक्क मागू शकत नाही, घरातले माणूस मागते. वहिनीला हे पटले नसावे. तिने मला आणखी एक करंजी वाढली, यावरून फारसा राग आला नाही एवढेच कळले.

गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक तळ्यांत वाढवलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक अजूनही समुद्रातून धरून आणतात. म्हणून कोणी म्हणाले, दे सोडून समुद्रात. पुतण्याने ते ऐकून घेतले नाही, आणि त्यात तो बरोबर होता. आपला मुंबई-ठाण्याचा किनारा गाळाचा. प्रवाळात वाढणाऱ्या माशाला इथे सोडणे म्हणजे राजस्थानातला उंट महाबळेश्वरी नेऊन बांधणे. शिवाय पेटीतला रोग समुद्रात जाण्याची भीती वेगळी. दुकानदार परत घ्यायला तयार होता, पण त्याच्याकडची पेटी तीन फुटांची. एका मत्स्यालयाने जागा नाही म्हणून सांगितले. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि माझ्यासारख्या कित्येकांनी जिवंत समुद्रमासा पहिल्यांदा पाहिला तो तिथे, आईचे बोट धरून. त्या काचांमागच्या माशांचेही आयुष्य अपुरेच असणार. पण तिथे एका माशाच्या कोंडवाड्यातून लाखो मुलांना समुद्राची ओळख झाली. दिवाणखान्यातल्या पेटीला ती सबब नाही. पाहुणे येतात, 'वा' म्हणतात आणि चहा घेतात.

उरला मोठ्या पेटीचा मार्ग. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. पुतण्याने इंजिनियर मित्राला बोलावले. त्याने कागदावर आकडे मांडले: नुसते पाणीच सतराशे किलो, ते सव्वादोन चौरस मीटरवर; आणि राहत्या घराची जमीन चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून बांधतात. तो म्हणाला, "खालच्या मजल्यावरच्यांना विचारून घे, त्यांना मासा चालेल का." थोडक्यात, चौथ्या मजल्यावर ते शक्य नव्हते.

शेवटी वसईच्या जुन्या घराचे नाव निघाले. तिथली पडवी तळमजल्याची, खाली पक्की जमीन. वहिनी तिथे एकटीच राहते. पुतण्याने विचारले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, हा किती वर्षे जगेल? पुतण्या म्हणाला, "नक्की सांगता येत नाही. पुष्कळ." तिने आपल्या गुडघ्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "पाणी बदलायला दर पंधरवड्याला तू यायचेस. स्वतः. माणूस पाठवायचा नाही." सहा वर्षांत तो वसईला सणावारापुरता जात होता.

पेटीची काच मे महिन्यात आली. पावसाळ्यापूर्वी पडवीचे छप्पर शाकारून घेतले, विजेची जोडणी नवी केली. वर जाळीचे झाकण बसवले, कारण हे मासे बिचकले की उडी मारतात. तळाला चार बोटे वाळू घातली. पुतण्या सहा बोटे म्हणत होता, म्हणून पुढच्या खेपेला आणखी दोन पोती आणायची ठरली आहेत.