क्षमा करायची, की गप्प बसायचं?

आजचं वचन: 2 शमुवेल 13:1-22

प्रियांनो, आज 21व्या वचनापाशी मी थांबले. अम्नोनाने तामारेवर बलात्कार केला हे दावीद राजाला कळलं. तो खूप संतापला. आणि पुढे? काहीच नाही. अबशालोमाने तर बहिणीलाच सांगितलं की आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे.

सहा वर्षांपूर्वी संडे स्कूलमधली एक मुलगी मला म्हणाली होती, "ताई, मला त्या दादांच्या गाडीतून घरी नाही जायचं." का, हे मी विचारलंच नाही. दादा उपासनेत गिटार वाजवायचे, सगळ्यांचे लाडके. मी तिला रिक्षाने सोडलं आणि विसरले. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलीची आई रडत मंडळीत आली, तेव्हा मला ते वाक्य आठवलं. आजही आठवतं.

तेव्हा काही वडीलजन म्हणाले, "क्षमा करा, नाहीतर मंडळीची साक्ष जाईल." ऐकायला किती आत्मिक वाटतं ना? पण जिला जखम झाली तिच्या वतीने क्षमा वाटून टाकणारे आपण कोण? जक्कयाला प्रभूने स्वीकारलं, तरी लुबाडलेल्यांना त्याने चौपट परत द्यायचं ठरवलंच. क्षमेने हिशोब पुसला जात नाही. क्षमा केली म्हणून त्या माणसाच्या हाती पुन्हा मुलं सोपवायची नसतात.

आपल्या देशात 2012चा पॉक्सो कायदा आहे. असं काही घडलंय किंवा घडेल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकांवरही. आतल्या आत मिटवणं हा गुन्हा आहे. मदतीसाठी 1098 हा नंबर आहे.

आता आमच्या वर्गात दोन मोठी माणसं असतात, दार उघडं असतं, मुलांना कोणी खाजगी मेसेज करत नाही. "एवढा अविश्वास?" असं कोणी विचारलं की मी नहेम्या 4:9 दाखवते. त्यांनी प्रार्थनाही केली आणि पहाराही ठेवला.

मत्तय 18 मध्ये येशूने लेकराला शिष्यांच्या मधोमध उभं केलं. आपण मंडळीचं नाव मध्ये ठेवतो आणि लेकराला कडेला.

प्रार्थना: प्रभू, त्या दिवशी मी विचारलं नाही, मला क्षमा कर. पुढच्या वेळी लेकरू बोलेल, तेव्हा मला थांबून ऐकायला आणि उठून पाऊल उचलायला धैर्य दे. आमेन.